सातवा रुएलास, नववा मुरिएता

नर्सने हातातल्या यादीवरून नाव वाचलं, “एन्सिनास, हिलारियो,” आणि माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट ठणकलं. फार वर्षांपूर्वी मोडलेलं बोट. थंडीत दुखतं ते वेगळं. हे कुणीतरी टोकाला धरून पुन्हा ओढावं तसं होतं. एर्मोसियो शहरातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळचे साडेनऊ वाजले होते. बाहेर ऊन पांढरं व्हायला लागलं होतं, आत यंत्राचा गारवा होता आणि औषधाचा वास. मी अर्धा तास भिंतीकडच्या बाकावर बसलो होतो आणि तो माझ्या शेजारीच बसला होता. मी ओळखलं नव्हतं. म्हाताऱ्याशेजारी म्हातारा बसला की कुणी कुणाकडे बघत नाही. त्याची टोपी मांडीवर होती, आणि बारीक झालेली मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल हलत होती. मला आठवत होती ती मान बैलाची होती. नाव ऐकून त्याने हात वर केला, तोही भलत्याच दिशेला, दाराकडे. नर्स दुसऱ्या बाजूने आली, फळीला लावलेला एक छापील कागद आणि पेन तिने त्याच्या हातात दिलं, ऑपरेशनचा फॉर्म आहे आजोबा, तुमच्या मुलीकडून भरून घ्या, मग आत नेते, असं म्हणाली आणि गेली.

मुलगी गाडी लावायला गेली होती. त्याने कागद थोडा वेळ मांडीवर टोपीखाली ठेवला, मग माझ्याकडे वळला. “अहो, ऐकता का जरा. एवढं भरून द्याल? या बाईने डोळ्यांत काय ओतलंय देव जाणे, सगळं दुधात बुडल्यासारखं दिसतंय.” आवाज तोच होता, फक्त वरचा थर खरवडून निघाला होता. फळी माझ्याकडे देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर आली आणि क्षणभर थांबली, न दिसणाऱ्या माणसांची थांबतात तशी. मग त्याने हात मागे घेतला. फळी घेतली, पेन घेतलं, आणि पहिल्या ओळीवर, जिथे नाव लिहायचं होतं तिथे, त्याचं नाव न विचारताच लिहिलं.

ते बोट त्यानेच सरळ केलं होतं. तेव्हा मी बंदरावरच्या संघात कॅचर होतो, बॅट मारणाऱ्याच्या मागे उकिडवं बसून पिचरने फेकलेले चेंडू झेलणारा, आणि तो आमचा मॅनेजर. पाचव्या डावात एक चेंडू बॅटची कड घेऊन माझ्या उघड्या हातावर आला आणि मधलं बोट कडेला वळलं, झाडाच्या फांदीसारखं. मी डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या आमच्या बाकांच्या छपरीत, आलो. डॉन हिलारियोने, मानाने आम्ही त्याला डॉन म्हणायचो, माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने बोट धरलं, माझ्या आईचं नाव विचारलं, आणि मी ते सांगत असतानाच ओढलं. मग शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलं आणि म्हणाला, जा, अजून चार डाव आहेत. मी गेलो. त्या दिवशी मला वाटलं होतं की या माणसासाठी मी दुसरा हातही मोडून घेईन. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसं होतं. द्वेषाची मुळं अशाच जागी खोल जातात, जिथे आधी काही तरी दुसरं लावलेलं असतं.

माझ्या पाकिटात, प्लॅस्टिकच्या कप्प्यात, एक कार्ड आहे. तळहाताएवढं, पिवळं पडलेलं, घडीवर फाटत आलेलं. पंचेचाळीस वर्षं ते माझ्या मागच्या खिशात आहे. पाकिटं बदलली, विजारी बदलल्या, बायको गेली, कार्ड राहिलं. मला एवढंच हवं होतं की हिलारियो एन्सिनासने ते एकदा हातात घ्यावं, उजेडात बघावं, आणि हे माझं अक्षर आहे असं म्हणावं. त्याहून जास्त काही मला या माणसाकडून नको होतं, आणि त्याहून कमी काही मला चालणार नव्हतं.

मी अक्षरं अडतिसाव्या वर्षी शिकलो. याकी नदीच्या खोऱ्यात कापूस वेचणाऱ्यांच्या पोरांना शाळा नव्हती असं नाही, शाळा होती, पण ती कापसाच्याच दिवसांत भरायची. एकविसाव्या वर्षी बेसबॉलच्या करारावर सही केली ती सही म्हणजे चित्र होतं, ओब्दुलियाने काढून दिलेलं, मी घोटून घेतलेलं. ती तेव्हा माझी बायको व्हायची होती. कुणी कागद पुढे केला की मी म्हणायचो, चष्मा घरी राहिला. माझ्याकडे चष्मा नव्हता. संघातल्या पोरांना वाटायचं या तेयोला जवळचं दिसत नाही, लांबचं मात्र घारीसारखं दिसतं. माझं डोकं चांगलं होतं. कोणता गडी कोणत्या चेंडूला फसतो, चार वर्षांपूर्वीच्या सामन्यात कुणी कुठे मारलं होतं, सगळं मला पाठ होतं. नऊ गड्यांचा क्रम एकदा ऐकला की माळेच्या मण्यांसारखा बोटांत बसायचा. वाचता न येणाऱ्याला विसरण्याची चैन नसते. हे संघात एकालाच ठाऊक होतं. एकदा हॉटेलात जेवणाची यादी मी उलटी धरली होती. डॉन हिलारियोने काही न बोलता ती माझ्या हातातून घेतली, सुलटी केली, आणि माझ्यासाठी कालवांचं सूप मागवलं. पुन्हा कधी विषय काढला नाही. मी त्याला देव समजलो ते त्या सूपामुळे.

मग ती अंतिम लढत. जानेवारी, आमचंच मैदान, समुद्रावरून येणारा गार वारा, लोक छपरांवर चढलेले. मी चौतिशीचा, गुडघे गेलेले, राखीव. सातव्या डावात मी मैदानाच्या कोपऱ्यात नव्या पिचरचा हात गरम करून देत होतो, तेवढ्यात डॉन हिलारियोने एकदम दोन बदल केले. मुरिएता आणि रुएलास असे दोन गडी आत घातले. असा बदल केला की मॅनेजरने पंचाजवळ जाऊन सांगायचं असतं, कोण कितव्या क्रमांकाला बॅट मारणार, आणि तेच आपल्या कार्डावरही लिहायचं असतं. पंचाच्या कार्डावरचा क्रम हाच कायदा. भलता माणूस भलत्या वेळी मारायला आला आणि समोरच्या संघाने लगेच तक्रार केली, तर त्याने मारलेलं सगळं पुसलं जातं, आणि ज्याची पाळी होती तो बाद. हे आमच्या धंद्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं, आणि मोसमात एखाद वेळी मोठमोठ्यांकडूनही चुकतं. आठव्या डावात तो पंचाशी भांडला, त्याच्या बुटांवर माती उडवली, आणि पंचाने त्याला बाहेर काढलं. जाताना त्याने कार्ड माझ्या हातात कोंबलं. बाकावरचा सगळ्यांत जुना माणूस मी. “तेयो, तू बघ. सातवा रुएलास, नववा मुरिएता. पाठ झालं?” मी म्हणालो, झालं.

नवव्या डावात आम्ही एका धावेने मागे होतो, दोघे जण बेसवर, धाव पुरी करायच्या वाटेवर होते, दोन बाद झाले होते, आणि तिसरा बाद झाला की डाव संपतो. सहावा गडी चार वाईट चेंडू सोडून फुकटचा बेसवर गेला होता. पाळी सातव्याची. मी कार्ड डोळ्यांपुढे धरलं, माणसं धरतात तसं, भुवया जवळ आणून, आणि हाक मारली, रुएलास. आमच्या डगआउटच्या मागच्या बोगद्यात, जिथे बाहेर काढलेल्या मॅनेजरने उभं राहू नये पण सगळेच राहतात, तिथे डॉन हिलारियो उभा होता. त्याने रुएलासला बॅट घेऊन जाताना पाहिलं. त्याने हाक मारली नाही. रुएलासने दुसराच चेंडू उजवीकडच्या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून भिंतीपर्यंत मारला. दोन धावा आल्या. माणसं कुंपण ओलांडून आत आली, कुणीतरी माझ्या डोक्यावर बिअर ओतली, तिचा गारवा मानेवरून पाठीत उतरला. आम्ही एक मिनिटभर विजेते होतो. मग समोरचा मॅनेजर, बुटका, शांत माणूस, खिशात हात घालून चालत पंचाकडे गेला आणि त्याने आपलं कार्ड दाखवलं. पंचाने आपलं काढलं. सातवा मुरिएता, नववा रुएलास. मुरिएता बाद, डाव संपला, धावा पुसल्या. माझ्या मानेवर बिअर अजून ओली होती.

डॉन हिलारियोने वार्ताहरांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. मी कोपऱ्यात बूट सोडत बसलो होतो. तो म्हणाला, चूक माझी आहे, सर्वस्वी माझी, कार्डावर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं, सातवा मुरिएता, नववा रुएलास, पण मी ते अशा माणसाच्या हाती दिलं ज्याला वाचता येत नाही. मी आंधळ्याच्या हातात कार्ड दिलं. खोलीत कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही, ते पाहण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो होता, कार्ड डोळ्यांपुढे धरलेला, भुवया जवळ आणलेला. खाली काय छापलंय ते मला ओब्दुलियाने वाचून दाखवलं नाही. म्हणाली, शाई फुटलीय.

आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. हे मला आजही गिळता येत नाही. तो सातवा रुएलास म्हणाला होता हे माझ्या कानांनी ऐकलं होतं, माझे कान कधी चुकले नव्हते, तरी मी ठरवलं की कागदाने सांगितलं ते खरं, माझेच कान चुकले. चार वर्षं. त्या चार वर्षांत मला कुठल्याही संघाने बोलावलं नाही. मी कापूस पिंजायच्या कारखान्यात गासड्या बांधल्या. बाजारात पोरं एक डोळा झाकून माझ्यामागे चालायची. ओब्दुलिया सहावी शिकलेली. दुपारी कामावरून आल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पीठ पसरायची आणि त्यात बोटाने अक्षर काढायची, मी त्याच्या खाली काढायचो, मग ती ते पीठ गोळा करून त्याच्याच पोळ्या लाटायची. पुस्तकांत माझं मन लागत नव्हतं म्हणून तिने मला माणसांच्या नावांवर शिकवलं, माझ्या ओळखीच्या गड्यांच्या आडनावांवर. रुएलास हा शब्द मी एका मंगळवारी पहिल्यांदा एकट्याने वाचला, वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानावर. तो दुसऱ्या संघाकडून खेळत होता. मी उठलो, मागच्या खिशातून ते कार्ड काढलं. का ठेवलं होतं, ठाऊक नाही, फेकायला वाचता यावं लागतं बहुधा. खिडकीपाशी गेलो आणि बोट ठेवून वाचलं. सात. रुएलास. नऊ. मुरिएता. नऊचा आकडा तो नेहमीच लिहायचा तसा, खालची शेपटी मासे धरायच्या गळासारखी वळलेली. चार वेळा वाचलं. ओब्दुलियाच्या हाताला पीठ होतं, तिने कोपराने माझ्या पाठीला स्पर्श केला. त्याने पंचाला घाईघाईत उलटं सांगितलं होतं, एवढंच. घरी बसून माणूस किल्ली उजव्या खिशात टाकतो आणि डाव्यात शोधतो, तेवढीच चूक. मग बोगद्यातून पाहिलं, गप्प राहिला, कारण रुएलासच सातवा आहे असं त्यालाही वाटत होतं. पंचाने कार्ड काढलं तेव्हा त्याला कळलं. आणि कळल्यावर त्याने खोलीभर नजर टाकली असेल, आणि मी दिसलो असेन, बूट सोडताना.

मी कार्ड घेऊन एका वार्ताहराकडे गेलो. त्याने ते वाचलं, उलटसुलट केलं आणि हसला. म्हणाला, बोर्केस, तुम्ही आता लिहायला शिकलात असं ऐकतो. मला आधी समजलं नाही. मग समजलं. चार वर्षांपूर्वी हे कार्ड दाखवलं असतं तर ते माझ्या हातचं असूच शकत नाही हे जगाला मान्य होतं, पण तेव्हा त्यावर काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. आता मला ठाऊक होतं, आणि आता ते कुणीही लिहिलेलं असू शकत होतं. हे अक्षर ओळखणारा माणूस एकच उरला होता आणि तो तोपर्यंत रेडिओवर गेला होता. सामन्यांचं वर्णन करायचा. दर जानेवारीला, अंतिम लढतीत पाऊस आला किंवा खेळ थांबला की तो आंधळ्याची गोष्ट सांगायचा. दर वर्षी थोडी मोठी. एका वर्षी मी कार्ड उलटं धरलं होतं, एका वर्षी मी ते नाकाला लावून वास घेतला होता. मी तेव्हा स्वतः मॅनेजर होतो. उन्हाळ्यातल्या छोट्या संघांपासून सुरुवात केली, पिचरना फेक शिकवणारा, मग बेसजवळ उभा राहून खुणा करणारा, मग मॅनेजर. अठरा वर्षं. दोनदा अजिंक्यपद. दर सकाळी न्याहारीला बीन्सची ताटली बाजूला सारून मी कार्ड लिहायचो, एकेक अक्षर टाचणीने टोचल्यासारखं, मग प्रत्येक गड्यासमोर उभा राहून त्याचा आकडा त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचो. पोरं म्हणायची, म्हातारा शाळा घेतो. अठरा वर्षांत माझ्या संघातला एकही माणूस चुकीच्या पाळीला मारायला गेला नाही. हा विक्रम कुठेही लिहिलेला नाही. आणि बसमधून परतताना ड्रायव्हर रेडिओ लावायचा, त्यावर तो घसा खाकरल्यासारखा हसायचा, आणि मागच्या बाकांवरची पोरं, माझी पोरं, ओठ चावून खिडकीबाहेर बघायची. एकदा एका समारंभात मी त्याला गाठलं. कार्ड पुढे केलं. डॉन हिलारियो, एवढं वाचा. त्याने कार्डाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं, खिसे चाचपले आणि म्हणाला, चष्मा घरी राहिला रे. भोवतालची माणसं हसली. काय हसायचं होतं त्यांना ठाऊक नव्हतं, तो विनोदी माणूस म्हणून हसली.

फॉर्मवर वय होतं. मी विचारलं नाही, अठ्ठ्याऐंशी लिहिलं. पत्त्याची ओळ मुलीसाठी सोडली. मधुमेह, रक्तदाब, मी आवाज खालच्या पट्टीत ठेवून एकेक शब्दात विचारत गेलो, तो सांगत गेला. सगळ्यांत खाली दोन चौकोन होते. ऑपरेशन कोणत्या डोळ्याचं. उजवा. डावा.

“कोणता,” मी म्हणालो.

“डावा,” तो म्हणाला. “उजवा सहा वर्षांपूर्वीच गेला, तो आता नुसता शोभेला आहे. डाव्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतात, काढला तर पेपर वाचाल.”

पेन चौकोनांच्या वर थांबलं. दोन्ही चौकोन सारखेच होते, मसुराच्या दाण्याएवढे. उजव्यात एक फुली. एवढंच. डॉक्टर आधी बघतीलच, मला ठाऊक होतं. पण पंचही बघतातच. माणसं कागदावर लिहिलंय ते बघतात, आणि मग माणसाकडे बघत नाहीत. मी कुणालाही सांगू शकलो असतो की माझी नजर अधू आहे, मीही इथे पेशंट म्हणूनच आलोय, आंधळ्याच्या हातात कागद दिलात तर काय होणार. ही वाक्यं माझ्या तोंडात तयार होती, पंचेचाळीस वर्षं घोटलेली, त्याच्याच आवाजात. मला तोंडात गोडसर चव आली, हे खोटं नाही. मी पेनचं टोक उजव्या चौकोनात टेकवलं. एक बारीक ठिपका उमटला.

“बोट अजून वाकडंच आहे,” तो म्हणाला. डोळे समोरच्या भिंतीवर. “मी तेव्हा म्हणालो होतो, दोन दिवस पट्टी काढू नकोस. तू ऐकलं नाहीस, तेयो.”

मी पेन ठिपक्यावरून उचललं.

“फळी देतानाच कळलं मला. थांबून दुसऱ्या कुणाला तरी द्यावी, असं आलं मनात. मग म्हटलं, बघू या, या खेपेला हा काय लिहितो ते.”

“कार्ड माझ्याकडे आहे,” मी म्हणालो. “सात रुएलास. नऊ मुरिएता. तुमच्या अक्षरात.”

“असं तू म्हणतोस.” तो हसला, तसाच, घसा खाकरल्यासारखा. “मला तर काही दिसत नाही बाबा. आणि तुला वाचता येत नव्हतं. आपल्या दोघांत साक्षीदार कोण, सांग.”

गारवा माझ्या मानेवर उतरला, ओली बिअर उतरली होती तसाच. आणि तेव्हा मला ते अगदी साध्या हिशेबासारखं दिसलं. हा माणूस आंधळा झाला की सुटला. चष्मा घरी राहण्याची गरजच संपली. मरेपर्यंत तो म्हणू शकेल, मला दिसत नाही, आणि ते खरं असेल. मीच त्याला त्या चौकोनातून बोगद्यात पाठवणार होतो, अंधारात, जिथे उभं राहून तो नेहमी सगळं बघत आला आणि गप्प बसत आला. नाही. त्याला बाहेर उजेडात यावं लागेल. मी डाव्या चौकोनात फुली मारली, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली. उजव्यातला ठिपका खोडला आणि शेजारी ‘नाही’ लिहिलं. मग ओळ न ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवली, जसा मी माझ्या गड्यांसमोर उभा राहून वाचत असे, आणि त्याच्या तोंडून वदवून घेतलं. कोणता डोळा. डावा. पुन्हा. डावा. तळाशी, ‘फॉर्म भरणाऱ्याचे नाव’ असं होतं तिथे मी लिहिलं, एलेउतेरियो बोर्केस. पूर्ण. चित्र नव्हे, अक्षरं.

मुलगी आली तेव्हा किल्ल्या वाजवत आली. पन्नाशी ओलांडलेली, वडिलांसारखंच रुंद कपाळ. तिने फॉर्म घेतला, माझे आभार मानले, पप्पा अगदी कुणालाही कामाला लावतात म्हणाली. मी पाकीट काढलं, कप्प्यातून कार्ड काढलं आणि तिच्या हातात दिलं. “यांची पट्टी सोडली की पहिल्यांदा हे यांच्या हातात द्या. दिवसाउजेडी. खिडकीपाशी.”

“फेलिसितास, दे इकडे ते,” तो म्हणाला. हात पुढे केला होता, पण भलतीकडे. मोकळ्या हवेत त्याची बोटं उघडमीट करत राहिली. “कुठला तरी जुना कागद असेल, दे.”

तिने दिलं नाही, कारण ती आधीच वाचत होती. माणसाच्या हाती काही लिहिलेलं आलं की तो वाचतोच. ज्यांना लहानपणीच येतं त्यांना तर थांबवताही येत नाही. तिने कार्ड डोळ्यांजवळ नेलं. “अय्या, हा तर तुमचा नऊ, पप्पा. गळ. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही सही करायचात, तारखेत असाच नऊ.” मग ती नावं वाचू लागली, पहिल्यापासून, हसत, आणि सातव्यापाशी हसू थांबलं. तिचे ओठ हलले. ती ती गोष्ट रेडिओवर ऐकत मोठी झाली होती. जेवणाच्या टेबलावर ऐकत मोठी झाली असेल. तिला ती माझ्याइतकीच पाठ असणार.

“पप्पा,” ती म्हणाली, “यात सातवा रुएलास आहे.”

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

“तुम्ही तर नेहमी उलटं सांगता.”

मी इतकी वर्षं एकच माणूस मोजत आलो होतो. या अक्षराला ओळखणारी दुसरीही कुणी असेल, त्याच्याच घरात, त्याच्याच सहीखाली वाढलेली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, फॉर्मवर माझं नाव पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. ‘हे माझं अक्षर आहे’ हे वाक्य मी इतका काळ त्याच्यासाठी राखून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षरही मी त्याच्या वतीने खर्च करणार नव्हतो. “त्यांनाच विचारा,” मी म्हणालो. त्याची टोपी मांडीवरून खाली पडली होती. मी उचलली नाही.

नर्सने दारातून माझं नाव घेतलं. मी उठलो, गुडघे वाजले, दोन कोरडी लाकडं मोडावीत तसे, आणि तो आवाज ऐकून त्याने मान वळवली, या वेळी बरोबर दिशेला. आतल्या खोलीत डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकायला सांगितला. दार लावायला ते विसरले होते आणि मी आठवण केली नाही. समोरच्या पांढऱ्या तक्त्यावर अक्षरं होती, वर मोठी, खाली लहान होत गेलेली. वाचा, ते म्हणाले. मी पहिली ओळ वाचली, मैदानापलीकडच्या गड्याला ऐकू जावी अशा आवाजात. दुसरी वाचली. इतकं मोठ्याने बोलायची गरज नाही आजोबा, डॉक्टर म्हणाले. तिसरी वाचली. चौथ्या ओळीत अक्षरं मुंग्यांसारखी हलायला लागली.

“ही ओळ मला वाचता येत नाही,” मी तेवढ्याच मोठ्याने म्हणालो.

काही हरकत नाही, ते म्हणाले, आता दुसरा डोळा. मी हात बदलला. बाहेर बाकावर फेलिसितासने तिसऱ्यांदा विचारलं, सांगा ना, पप्पा. मी उघडा डोळा तक्त्यावर ठेवला आणि कान दाराकडे. डॉक्टर वाचा म्हणत होते. मी थांबलो होतो. बाहेरून अजून काही उत्तर आलं नव्हतं.